सोसले कोणी?

'सहिष्णुता' हा शब्द 'सह्' या धातूपासून झाला आहे, आणि 'सहन करणे' हेही त्याच धातूचे. युरोपातल्या भाषांमध्ये या अर्थाने जो शब्द रूढ आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही सोसणे, पेलणे असाच आहे. म्हणजे शब्द उच्चारतानाच आपण नकळत ठरवून बसतो, की जो सहिष्णू तो सोसणारा, आणि ज्याला सामावून घ्यायचे तो त्रासाचे कारण. 'आम्हीच किती दिवस सहन करायचे?' हे वाक्य ज्यांच्या तोंडून नेहमी ऐकू येते ते बहुधा संख्येने, पैशाने, सत्तेने वरचढ असतात, आणि त्यांना ते वाक्य मनापासून खरे वाटते. अठराव्या शतकातील युरोपीय प्रबोधनाच्या ग्रंथांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते याच कारणासाठी. त्यांतल्या सर्वोत्तम ग्रंथांनी सोसणाऱ्याची जागा बदलून दाखवली. कोणी सोसले, कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्याने आणि किती न्यायाधीशांच्या मताने, हे त्यांनी लिहून ठेवले. आपल्याकडे मात्र हे ग्रंथ उदात्त विचारांचे भांडार समजून वाचले जातात आणि त्यांतून सुभाषिते वेचली जातात. माझे म्हणणे असे आहे की ते खटल्याच्या कागदपत्रांसारखे वाचावेत. मन मोठे करा, असे ते फारसे सांगत नाहीत. पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरू नका, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि ती ऐकायला जितकी साधी तितकीच पाळायला अवघड आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील तूलूझ शहरात फिलातिए नावाच्या रस्त्यावर झाँ कालास या व्यापाऱ्याचे कापडाचे दुकान होते. तो छापील सुती कापड विकत असे. असे कापड मुळात हिंदुस्थानातून युरोपात गेले, म्हणून फ्रान्समध्ये त्याला 'इंदिएन' असेच नाव पडले होते. कालासचे वय ६३ आणि धर्म प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा जाहीरनामा चौदाव्या लुई राजाने १६८५ मध्ये रद्द केल्यापासून फ्रान्समधला प्रोटेस्टंट माणूस कायद्याच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. त्याला उघडपणे उपासना करता येत नसे, कॅथलिक विधीने न लागलेले त्याचे लग्न कायदा मानत नसे, आणि वकिलीसारख्या व्यवसायात शिरायचे तर कॅथलिक असल्याचा दाखला आणावा लागे. कालासचा थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकला होता. त्याची वकिली या दाखल्यावाचून अडली होती आणि तो बापाच्या दुकानात मन मारून दिवस काढत होता.

१३ ऑक्टोबर १७६१ च्या संध्याकाळी दुकानावरच्या माडीत आईबाप, मार्क-आंत्वान, धाकटा पिएर आणि लावेस नावाचा विशीतला एक स्नेही जेवायला बसले. जेवण होत आले तेव्हा मार्क-आंत्वान उठून स्वयंपाकघरात गेला. झान व्हिगिएर ही घरातली जुनी मोलकरीण तिथे होती. 'थंडी वाजते का?' असे तिने विचारले. 'उलट, अंगाची आग होते आहे,' असे म्हणून तो जिना उतरून गेला. पुढे साडेनऊच्या सुमारास लावेस घरी जायला निघाला, पिएर दिवा घेऊन त्याला पोचवायला खाली आला, आणि दुकानाच्या दाराशी दोघांना मार्क-आंत्वानचे प्रेत दिसले.

त्या काळच्या कायद्याने आत्महत्या करणाऱ्याच्या प्रेतावरही खटला चाले. प्रेत लाकडी चौकटीवर टाकून, तोंड जमिनीकडे करून, रस्त्यारस्त्यांतून फरफटत नेत आणि मग टांगून ठेवत. मुलाची ही विटंबना टळावी म्हणून घरच्यांनी आधी सांगितले की त्याचा कोणीतरी गळा आवळला. त्याने गळफास घेतला होता हे त्यांनी नंतर कबूल केले तेव्हा त्यांचे खरे बोलणेच खोटे ठरले. दरम्यान दारात गर्दी जमली होती, आणि त्या गर्दीतून कोणीतरी ओरडले की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारले. द बोद्रिग नावाच्या नगराधिकाऱ्याने ते वाक्य उचलले. जागेवर पंचनामा न करता त्याने पाहुण्यासह आणि मोलकरणीसह घरातल्या सगळ्यांना नगरभवनात नेले, आणि पंचनामा तिथे बसून लिहिला. ही बारीकशी गोष्ट मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. दोराची लांबी, दाराची उंची, मृताच्या कपड्यांची अवस्था, झटापटीच्या खुणा, जे जे पाहायला हवे होते ते पाहण्याची गरजच त्या अधिकाऱ्याला वाटली नाही, कारण उत्तर त्याला रस्त्यावरच मिळाले होते.

त्यानंतर शहरातल्या चर्चांमधून लागोपाठच्या रविवारी एक आवाहन वाचून दाखवण्यात आले. या खुनाविषयी ज्याला प्रत्यक्ष किंवा ऐकीव काही ठाऊक असेल त्याने पुढे येऊन सांगावे, न सांगेल त्याला धर्माबाहेर टाकले जाईल, असा त्याचा आशय होता. आवाहनाचे शब्द असे योजले होते की खून झाला हे गृहीतच. आत्महत्येची शक्यता त्यात कुठेही नव्हती. साहजिकच माणसे आली आणि त्यांनी कोणाच्या तरी तोंडून कोणीतरी ऐकलेले सांगितले. मार्क-आंत्वान कॅथलिक झाल्याचा कागदाचा कपटाही सापडला नव्हता, तरी त्याला हुतात्मा म्हणून थाटामाटाने कॅथलिक दफन मिळाले. एका संघाने त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेत सांगाडा उभा केला होता, त्याच्या एका हातात हुतात्म्याची ताडाची फांदी आणि दुसऱ्या हातात पाखंड सोडल्याचा कागद. ज्या बापाचा खटला अजून चालायचा होता त्याचा निकाल वेदीसमोर लागून गेला होता.

न्यायालयाचे गणितही तसेच होते. त्या वेळच्या फौजदारी पद्धतीत पुराव्याचे अपूर्णांक धरले जात. एखाद्या ऐकीव गोष्टीला पाव पुरावा, त्याहून पुसट गोष्टीला अष्टमांश पुरावा, आणि असे आठ अष्टमांश जमले की पूर्ण पुरावा झाला, अशी ती बेरीज व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने जगापुढे मांडली. आठ अफवा एकत्र केल्या तर आठ अफवाच उरतात, हे न्यायाधीशांच्या ध्यानात येत नव्हते. आरोपीला वकील देण्याची तरतूद नव्हती आणि साक्षी बंद दाराआड होत. १३ न्यायाधीशांपैकी ८ जणांच्या मताने ९ मार्च १७६२ रोजी झाँ कालासला देहान्ताची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी साथीदारांची नावे काढण्यासाठी आधी त्याचे हातपाय ताणले, मग तोंडात भांड्यामागून भांडे पाणी ओतले. नावे नव्हतीच, ती तो कुठून सांगणार? मग चौकात लोखंडी कांबीने त्याची हाडे मोडून त्याला चाकावर दोन तास ठेवण्यात आले, आणि शेवटी गळा आवळून देह जाळण्यात आला. अखेरपर्यंत तो आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला. त्याने कबुली दिली नाही, त्यामुळे न्यायालय पेचात पडले. ६३ वर्षांचा म्हातारा २८ वर्षांच्या धडधाकट मुलाला एकट्याने टांगू शकत नाही, हे उघड होते. म्हणजे बाप दोषी तर घरातले सगळेच दोषी. तरी पिएरला हद्दपार करून बाकीच्यांना सोडून देण्यात आले. तो निकाल स्वतःच स्वतःला खोटे पाडत होता.

या सगळ्या काळात तूलूझच्या लोकांना काय वाटत होते, हे विसरता कामा नये. १५६२ च्या मे महिन्यात त्या शहरात प्रोटेस्टंटांची कत्तल होऊन उरलेले हाकलले गेले होते, आणि त्या 'सुटके'चा उत्सव शहर दर वर्षी मिरवणूक काढून साजरा करी. १७६२ हे त्याचे दोनशेवे वर्ष होते. म्हणजे शहरात मूठभर उरलेल्या, दाखल्यावाचून वकीलही होऊ न शकणाऱ्या माणसांना 'सोसत' असल्याची भावना त्या बहुसंख्य शहरात दोनशे वर्षे जपली गेली होती. हेच लोक पोटच्या मुलाला मारतात, असे सांगितले तर ते तिथे कोणाला अशक्य वाटले नाही.

व्होल्तेरची या प्रकरणातली पहिली प्रतिक्रिया फारशी अभिमानास्पद नाही. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ राहणाऱ्या या ६७ वर्षांच्या लेखकाने बातमी ऐकली तेव्हा त्यानेही प्रोटेस्टंटांच्या कडवेपणावर एक बोचरे वाक्य लिहून टाकले. काही दिवसांतच तो अस्वस्थ झाला. बाप धर्मवेडाने मुलाला मारतो किंवा न्यायाधीश धर्मवेडाने बापाला मारतात, यांपैकी काहीही खरे असले तरी ते जाणून घेतलेच पाहिजे, असे त्याला वाटू लागले. कालासचा सर्वांत धाकटा मुलगा दोना जिनिव्हाला पळून आला होता. त्याला बोलावून व्होल्तेरने घरातल्या चालीरीती विचारल्या, आईबाप मारकुटे होते का ते विचारले, पत्रे मागवली, तूलूझला माणसे लावून चौकशी केली. त्याची खात्री पटली ती या चौकशीनंतर. पुढची तीन वर्षे त्याने विधवेला पॅरिसला पाठवणे, वकील उभे करणे, पत्रके छापणे, दरबारातल्या ओळखी वापरणे यांत घालवली. १७६४ च्या जूनमध्ये राजाच्या परिषदेने शिक्षा रद्द केली, आणि ९ मार्च १७६५ रोजी, शिक्षा ठोठावल्याला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, ४० न्यायाधीशांनी एकमताने झाँ कालासला निर्दोष ठरवले.

१७६३ मध्ये आलेला व्होल्तेरचा सहिष्णुतेवरचा ग्रंथ याच धडपडीचा भाग आहे. तो मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला त्याच्या रचनेतला उणेपणा अधिक जाणवला. प्राचीन रोम किती उदार होता हे सिद्ध करण्याच्या भरात तो इतिहास ओढून ताणतो, आणि मधली काही प्रकरणे आज निर्जीव वाटतात. ग्रंथाच्या शेवटाकडे ईश्वराला उद्देशून एक प्रार्थना आहे, ती सर्वत्र उद्धृत होते. खरे बळ मात्र पहिल्या प्रकरणात आहे, जिथे तत्त्वज्ञान अजून सुरूच झालेले नाही. तिथे फक्त एक घर आहे, एक रात्र आहे आणि एक निकाल आहे. पुढचा सगळा युक्तिवाद त्या रात्रीवर उभा आहे. पहिले प्रकरण काढून टाकले तर उरेल तो एक चांगल्या मनाचा निबंध, आणि असे निबंध तूलूझच्या न्यायाधीशांच्या कपाटातही असतील.

सोसणाऱ्याची बाजू मांडण्याचे हे काम व्होल्तेरच्या आधी दोघांनी केले होते, आणि त्या दोघांचे ग्रंथही दुःखातूनच आले. जिनिव्हात २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मिगेल सेर्व्हेतुस या स्पॅनिश वैद्याला त्रैक्याचा, म्हणजे एकाच ईश्वराच्या तीन रूपांचा, सिद्धान्त नाकारल्याबद्दल जिवंत जाळले, तेव्हा सेबास्तियाँ कास्तेल्यो या विद्वानाने लिहिले की माणसाला मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला मारणे आहे. या एका वाक्यापुढे मला अनेक जाडजूड ग्रंथ फिके वाटतात. दुसरा फ्रेंच प्रोटेस्टंट विचारवंत पिएर बेल. तो हॉलंडमध्ये सुरक्षित होता, म्हणून त्याच्या लेखनाचा सूड फ्रान्समध्ये राहिलेल्या त्याच्या भावावर उगवला गेला. तो भाऊ, जाकोब, १६८५ च्या नोव्हेंबरमध्ये बोर्दोच्या तुरुंगात मेला. पुढच्याच वर्षी बेलचा ग्रंथ आला. बायबलमधल्या मेजवानीच्या दाखल्यात 'त्यांना आत येण्यास भाग पाड' असे शब्द आहेत, आणि त्यांच्या आधारे बळजबरीचे समर्थन होत असे. ज्या अर्थाने गुन्हा करणे भाग पडते तो अर्थ खोटाच असला पाहिजे, असे बेलने ठामपणे मांडले. त्याने आणखी एक मुद्दा मांडला, जो पचवायला आजही जड जातो: चुकीच्या मतावर प्रामाणिकपणे उभ्या असलेल्या आपल्या विवेकाचेही ऐकण्याचा हक्क माणसाला आहे. समोरचा बरोबर आहे म्हणून त्याला जगू द्यायचे असेल तर ते आपल्याच मताचे लाड झाले. भाऊ गमावलेल्या माणसाने हे शांतपणे, तर्काची एकेक पायरी चढत लिहिले आहे, आणि त्या पानांवर भावाचे नाव काढून रडगाणे नाही.

मानवी दुःखाचा विचार या ग्रंथांत आणखी एका वाटेने आला, आणि ती वाट लिस्बनमधून जाते. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला, मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, आणि सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांसकट चुलींची आग शहरभर पसरली. ही ईश्वराने पापांची दिलेली शिक्षा आहे, असे धर्मोपदेशक सांगू लागले; तर जे घडते ते अंतिमतः चांगल्यासाठीच घडते, असे तेव्हाचे एक प्रतिष्ठित तत्त्वज्ञान सांगत होते. व्होल्तेरने आपल्या कवितेत दोघांनाही एकच प्रश्न केला: आईच्या छातीशी चिरडलेल्या तान्ह्या मुलांनी कोणते पाप केले होते, आणि लिस्बन पॅरिसहून जास्त पापी होते का? तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्र लिहून उत्तर दिले की सहा-सहा, सात-सात मजली घरे तिथे दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. मला या वादात रूसोचे म्हणणेही तितकेच मोलाचे वाटते, कारण दुःखाचे जे कारण माणसाच्या हातात आहे तिकडे ते बोट दाखवते. पण दोघेही एका गोष्टीला नकार देतात: सोसणाऱ्याच्याच अंगावर त्याच्या दुःखाचा दोष टाकायला.

हा नकार आणि धार्मिक सहिष्णुता एकमेकांशी बांधलेली आहेत, असे मला वाटते. दुःखाचे कारण पापात शोधायचे ठरले की पापी शोधावा लागतो, आणि तो सहसा वेगळी प्रार्थना म्हणणाऱ्यांतच सापडतो. व्होल्तेरच्या 'कांदीद' या १७५९ च्या कादंबरीत भूकंपानंतर विद्वान मंडळी ठरवतात की काही माणसे मंद आचेवर समारंभाने जाळली तर पृथ्वी पुन्हा हादरणार नाही. समारंभ पार पडतो, आणि त्याच दिवशी पृथ्वी पुन्हा हादरते. प्रसंग काल्पनिक असला तरी समारंभ काल्पनिक नव्हता. तो पोर्तुगालच्या राज्यात होत असे आणि आपल्या गोव्यातही होत असे. गोव्यातले धर्मन्यायालय, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे 'इन्क्विझिशन', १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. त्याची इमारत लोकांच्या तोंडी नुसते 'थोरले घर' होती. शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला जाऊन त्या घरात गेला. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तातून युरोपला त्या घराची आतली बाजू कळली. तिथे आरोपीला त्याचा गुन्हा सांगत नसत. तो त्यानेच ओळखून कबूल करायचा असे. आरोप करणाऱ्याचे नाव तर कधीच सांगत नसत. बळी पडणाऱ्यांत बहुसंख्य माणसे इथलीच, बाटवलेल्या घराण्यांतली होती, आणि जुने आचार चोरून पाळतात हा त्यांच्यावरचा आरोप असे. १७३६ च्या हुकूमनाम्यात दारातल्या तुळशीप्रमाणेच मीठ न घालता भात शिजवण्यालाही बंदी होती. आपल्या स्वयंपाकघरात भातात मीठ पडले की नाही, हे शेजाऱ्याने जाऊन सांगावे आणि त्यावरून माणूस त्या घरात दिसेनासा व्हावा, अशी ती व्यवस्था होती. तूलूझच्या चर्चांतून वाचलेले आवाहन आणि गोव्यातली ही चहाडी यांच्यात मला फरक दिसत नाही.

या ग्रंथांचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सहिष्णुतेवरच्या १६८९ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात नास्तिकांना सहिष्णुतेच्या बाहेर ठेवले. शपथ त्यांना बांधू शकत नाही, हे त्याचे कारण. व्होल्तेरने ज्यूंविषयी जे लिहिले आहे त्यातला काही भाग वाचताना मान खाली जाते. कालासच्या बाबतीत पुरावा मागणारा हा माणूस एका संपूर्ण समाजाबद्दल ऐकीव तुच्छता पुरावा म्हणून स्वीकारतो. पण हे दोष दाखवून ग्रंथ बाजूला सारणारे लोक एक गोष्ट विसरतात, की ते दोष मोजायची पट्टीही याच ग्रंथांनी दिली.

आणि त्या शब्दातली खोट सगळ्यांत आधी ओळखली ती ज्यांना 'सोसले जात' होते त्यांनीच. कालास तुरुंगात असताना पोल राबो या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या नावाने एक पत्रक निघाले होते. आमच्या धर्मात मुलाला मारण्याची शिकवण आहे हा आरोप खोटा आहे, एवढेच त्यात म्हटले होते. तूलूझच्या न्यायालयाने ते जाहीरपणे जाळले. १७८७ मध्ये राजाने प्रोटेस्टंटांना जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद करण्याचा हक्क दिला, सार्वजनिक उपासनेचा नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७८९ मध्ये, त्या पोल राबोचा मुलगा राबो-सेंतेत्येन राष्ट्रसभेत उभा राहिला आणि म्हणाला की मी सहिष्णुता मागत नाही, स्वातंत्र्य मागतो. १७९१ मध्ये टॉमस पेन या इंग्रज लेखकाने 'मानवाचे हक्क' या ग्रंथात हाच विचार आणखी टोकाला नेला: असहिष्णुता विवेकाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार स्वतःकडे घेते, सहिष्णुता ते बहाल करण्याचा, दोन्ही जुलूमच आहेत.

पेनचा हा ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुले यांच्या हाती पडला. त्याचा त्यांच्यावर झालेला परिणाम सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी हा विचार ज्या ठिकाणी नेला तिथे पेनही पोचला नव्हता. आपल्याकडे दुःखाचे स्पष्टीकरण भूकंपापुरते नव्हते, जन्मालाच चिकटवलेले होते. 'भोग आहेत, भोगून संपवायचे' हे वाक्य ज्याला ऐकवले जाई त्याचा खटला तर गेल्या जन्मातच चालून निकाल लागलेला, तिथे साक्षही नाही आणि अपीलही नाही. जोतीरावांनी त्या निकालालाच आव्हान दिले. आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म' या पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले. त्यात आईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, बापाने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सगळ्यांनी निर्मीकाची, म्हणजे जगाच्या निर्मात्याची, लेकरे म्हणून एका घरात गोडीने नांदावे. इथे कोणी कोणाला सोसत नाही. प्रत्येकाने वाचले, ठरवले आणि जेवायला एकत्र बसले, एवढेच आहे.

आज आपण त्या घराच्या किती जवळ आहोत, हे तपासायला भाषणे ऐकण्याची गरज नाही, कार्यपद्धती पाहाव्यात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने दोन धर्मांच्या माणसांना धर्म न बदलता लग्न करता येते, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकती मागवल्या जातात. धार्मिक पद्धतीने लग्न करणाऱ्यांवर हा कायदा असे काही लादत नाही. नोटीस लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण त्या फलकासमोर उभे राहून नाव-पत्ता टिपून घेणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ३० दिवस सोसायचे असते ते त्या दोघांनी. आणि अफवेचे म्हणाल तर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. मुले पळवणारे आले आहेत, अशी आवई मोबाइलवरून पसरली होती, आणि भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तिथे प्रश्न धर्माचा नव्हता. पण जो आधीच परका, ज्याच्या बाजूने बोलणारा गावात कोणी नाही, त्याच्याविषयी काहीही ऐकले तरी खरे वाटते, हा तूलूझचा नियम तिथेही लागू झाला. म्हणून शाळांमधून सहिष्णुतेचे धडे द्यायचे असतील तर मुलांना 'सर्व धर्म समान' हे वाक्य दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा कालासचा पंचनामा कुठे बसून लिहिला गेला हा एक प्रश्न विचारावा, आणि तुमच्या फोनवर आलेल्या निरोपाचा पंचनामा कुठे झाला, हा दुसरा.

जोतीरावांनी कल्पिलेल्या घरासारखे एक घर प्रत्यक्षात होते, आणि ते फिलातिए रस्त्यावर होते. कालासचा एक मुलगा, लुई, पूर्वीच कॅथलिक झाला होता. बाप त्याला खर्चाला पैसे देत असे. त्याच्या धर्मांतराला ज्या मोलकरणीने हातभार लावला होता तिला त्या घराने कामावरून काढले नव्हते. ती झान व्हिगिएर, नियमाने चर्चला जाणारी कॅथलिक. त्या रात्री ती घरातच होती. न्यायाधीशांना हवे होते ते एक वाक्य तिने उच्चारले असते तर तिची सुटका त्याच क्षणी झाली असती, आणि शहराने तिला डोक्यावर घेतले असते. तिला कैदेत ठेवले, तिची उलटतपासणी केली, तिचा धर्म तिला आठवून दिला. तिने पाहिले तेवढेच ती सांगत राहिली.

पुढे कुटुंबाच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करायची म्हणून कार्मोंतेल या चित्रकाराने काढलेले एक चित्र छापून विकण्यात आले. व्होल्तेरने त्याची प्रत आपल्या बिछान्याशी लावली होती. चित्रात सगळे तुरुंगात आहेत. लावेस बचावाचा कागद वाचून दाखवतो आहे, पिएर त्याच्यामागून वाकून पाहतो आहे, विधवा आई दोन मुलींसह बसून ऐकते आहे, आणि त्यांच्या मागे व्हिगिएर उभी आहे.